जावयाचे पाणी

१

रिकाम्या टाकीत कोणीतरी विष कालवत होते.

निदान माशांचा दुकानदार तरी तसेच सांगत होता. काचेची बोटाएवढी नळी त्याने दिव्याखाली धरली होती. "परवा उतरलं होतं, साहेब. आज पुन्हा चढलंय. बघा, कसं हिरवंगार झालंय. असं आपोआप होत नाही. पाण्यात काहीतरी पडतंय."

"पडतंय, की कोणी टाकतंय?" राखेसाहेबांनी विचारले.

दुकानदाराने नळी खाली ठेवली, औषधांच्या बाटल्यांना टोपणे लावली आणि मोठ्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज बादलीत पिळायला घेतला. तपकिरी पाणी निथळू लागले. "ते मी कसं सांगणार? घर तुमचं, माणसं तुमची."

राखेसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. विमा कंपनीत असताना जळलेल्या गोदामांची पाहणी करणे हे त्यांचे काम होते. आग लागली की लावली, एवढाच प्रश्न असे आणि त्याचे उत्तर राखेत असे. गुडघे टेकून तासन्‌तास राख चाळणाऱ्या या अबोल माणसाला कुठल्याशा गोदामातल्या हमालाने ते नाव ठेवले. पुढे ते इतके चिकटले की निरोपसमारंभाच्या भाषणातही वरिष्ठांनी तेच घेतले. आपण हुशार आहोत असे राखेसाहेबांना कधीच वाटले नव्हते. राख खोटे बोलत नाही, आणि तिच्याशी गप्पा माराव्या लागत नाहीत, म्हणून आपली नोकरी निभावली असे ते मानत.

माणसांचे तसे नव्हते. आणि त्यांच्या घरात, ते स्वतः सोडले तर, एकच माणूस होते.

ते उठले. जाण्यापूर्वी दुकानातल्या मोठ्या टाकीपाशी नेहमीसारखे वाकले. कोपऱ्यातल्या दगडाआड जावई पाठ फिरवून बसला होता.

"येतो हं," राखेसाहेब हळूच म्हणाले. "थोडं लांबलंय."

जावयाने वळून पाहिले नाही.

२

जावई म्हणजे मासा. पांढऱ्या पट्ट्यांचा, समुद्राच्या पाण्यातला, आता म्हातारा झालेला जोकर मासा. राखेसाहेबांना मूलबाळ नव्हते. "मुलगी नाही म्हणून काय झालं, जावई तरी असू दे," असे म्हणत बायकोने तो घरी आणला होता. वेळेवर खायचे, जरा मनाविरुद्ध झाले की कोपऱ्यात तोंड फिरवून बसायचे आणि घरच्या कामात काडीचीही मदत करायची नाही, असे जावयाचे सगळे गुण त्याच्यात होते.

मग बायको गेली. तिच्या हातचे खाल्लेले घरात दोघेच उरले, जावई आणि राखेसाहेब.

घर खायला उठू नये म्हणून थोरली बहीण राहायला आली. तिला सगळे अक्का म्हणत. तीही एकटीच होती. घाण दिसली की धुवायची, हा तिचा एकमेव धर्म. अशातच एका दुपारी जुन्या टाकीचा जोड सुटला आणि खारे पाणी सतरंजीवरून, फरशीच्या फटींतून खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या छतात उतरले. जावयाला बादलीत घेऊन राखेसाहेब दुकानाकडे धावले. इकडे अक्काने टाकीतले जुने दगड आणि वाळू नळाखाली खसाखसा धुतली आणि गच्चीत कडक उन्हात वाळत घातली.

ते ऐकून दुकानदाराने कपाळाला हात लावला होता. "दगड नाही धुतले, साहेब. अख्खी वस्ती उठवली."

"कसली वस्ती?"

"डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची. माशाची घाण कुजते, त्याचा अमोनिया होतो. ते विषच. जिवाणूंची एक जात ते खाते, तिचं उरतं तेही विषच, ते दुसरी जात खाते, आणि मग मासा जगतो. आता टाकी नवी, दगड मेलेले. वस्ती पहिल्यापासून वसवायची. कोळंबीचा एक तुकडा पाण्यात टाका आणि कुजू द्या."

"मासा नसताना?"

"नसतानाच. आधी विष चढेल, मग ते खाणारे येतील, मग विष उतरेल. त्याला काही आठवडे जातात. पाणी पिकावं लागतं, साहेब. न पिकलेल्या पाण्यात जावयाला सोडलंत तर त्याचं वय झालंय, तो एक दिवस काढणार नाही. तोवर राहू दे माझ्याकडे."

पाणी पिकले की नाही हे नळीवरून कळायचे. नळीत टाकीचे थोडे पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, थांबायचे. पिवळे झाले तर ठीक, हिरवे झाले तर विष.

आणि इथेच राखेसाहेबांची जन्माची अडचण होती. पिवळे आणि हिरवे त्यांना वेगळे दिसत नसे. राखेला रंग नसतो, म्हणून कचेरीत कधी कोणाला कळले नाही. कपाटातले सदरे बायको निवडून द्यायची. हे गुपित तिला एकटीला ठाऊक होते आणि ते तिच्याबरोबरच गेले, असे त्यांना वाटे.

म्हणून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकीचे पाणी भरून ते रोज दुकानात येत. दुकान अंधारे होते. निम्म्या टाक्या कोरड्या पडलेल्या आणि गिऱ्हाईक क्वचितच. दुकानदार नळीचा रंग सांगे, चहा करी, आणि वर्तमानपत्रातले शब्दकोडे पुढे सरकवी. कोडे भरलेले असे, एकच शब्द अडलेला. "एवढं सांगा, साहेब. सकाळपासून डोकं खातंय." अडलेला शब्द कधी अवघड असे, कधी 'पाण्यावर चालणारे वाहन, दोन अक्षरे' इतका सोपा. राखेसाहेब संकोचाने 'होडी' लिहीत. घराबाहेर ते दिवसभरात बोलत ते एवढेच.

पहिल्यांदा विष चढले. मग, दुकानदाराने सांगितले होते तसेच, हळूहळू उतरू लागले. त्याच सुमारास एकदा दुकानदार म्हणाला, "ती हिरव्या टोपणाची बाटली द्या जरा." राखेसाहेबांनी पिवळ्या टोपणाची दिली. "चष्मा घरी राहिला," ते पुटपुटले. चष्मा नाकावर होता. दुकानदाराने हात लांबवून हिरव्या टोपणाची स्वतःच घेतली.

त्यानंतर विष पुन्हा चढू लागले. आज चढे, उद्या उतरे, परवा आणखी चढे.

टाकीच्या खोलीत भाऊ-बहिणीखेरीज कोणी जात नसे. एकदाच एक पाहुणा येऊन गेला होता, तोही राखेसाहेब बाहेर असताना.

३

टाकी फुटल्यापासून खालचे वकील राखेसाहेबांना पाण्यात पाहत असत.

"या, राखेसाहेब. बसा. वर बघू नका, डाग आहे तसाच आहे."

राखेसाहेबांनी वर पाहिलेच. छतावर खाऱ्या पाण्याचा नकाशा उमटला होता. "मी डागासाठीच... म्हणजे डागासाठी नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही वर आला होतात."

"आलो होतो. अक्कांनी पाणी हवं का विचारलं. म्हटलं, नको, तुमच्याकडचं पाणी मला न मागता मिळतं."

"टाकीपाशी उभे होतात?"

वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "उलटतपासणी आहे होय? मग खुर्ची पुढे घ्या. हो, उभा होतो. जोड धड आहे का ते बोटाने दाबून पाहिलं. बाहेरून."

राखेसाहेब खुर्चीच्या कडेवर सरकले. गोदामवाले आपणहून बोलत, हे वकील होते. "पाण्यात कोणीतरी काहीतरी टाकतंय. आणि तुम्हाला ती टाकी नको आहे."

"अजिबात नको आहे. पण तर्क नीट लावा. मी पाणी नासवलं तर तुम्ही टाकी काढाल का? नाही. तुम्ही पाणी बदलाल. बादल्या भरभरून. आणि ते बदलताना सांडणार कोणाच्या डोक्यावर? माझ्याच ना? मी इतका मूर्ख असतो तर न्यायाधीश झालो असतो."

हे खरे होते. राखेसाहेब ओशाळले आणि उठू लागले.

"थांबा. नाक धरून गेलो होतो मी वर. कोळंबी कुजतेय म्हणून जिन्यात केवढा वास यायचा. आत गेलो तर काहीच नाही. आणि काचेवर आतून तपकिरी धुरळा धरलाय, तेवढा पुसून घ्या, शोभत नाही." वकील दारापर्यंत आले. "आणि एक फुकटचा सल्ला देतो, माझ्याकडून मिळत नाही सहसा. बाहेरची माणसं तपासण्याआधी घरातल्या वस्तू तपासा. अक्का दिवसभर काचा पुसायचा फवारा हातात घेऊन फिरतात. त्याच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंय कधी?"

राखेसाहेब जिना चढून वर आले. स्वयंपाकघरात ओट्याखाली फवाऱ्याची बाटली होती. तिच्यावरची बारीक अक्षरे त्यांनी खिडकीशी नेऊन वाचली.

तिसऱ्याच ओळीत अमोनिया होता.

४

"अक्का, हे तू टाकीच्या काचेला मारतेस?"

अक्का ओटा पुसत होती. "खिडक्यांना मारते. आरशाला मारते. तुझ्या चष्म्याला मारलं होतं एकदा, तुला चार दिवस जग स्वच्छ दिसत होतं."

"टाकीला?"

"टाकीला हात लावू नको म्हणालास, नाही लावला. ती काच एवढी मळलीय की माझ्या जिवाची काहिली होते, पण बघून न बघितल्यासारखं करते."

"मग पाण्यात अमोनिया येतो कुठून?"

"मला काय विचारतोस? तुझ्या त्या दुकानदाराला विचार."

"त्यानेच सांगितलं." राखेसाहेबांनी खाली पाहिले. मग ते वाक्य बोलले, जे त्यांनी आयुष्यभर गोदामांच्या मालकांना ऐकवले होते. "घरात दोनच माणसं आहेत. मी टाकत नाही."

ओट्यावरचे फडके थांबले.

"दगड धुतले तेव्हा मला ठाऊक नव्हतं," अक्का म्हणाली. "ती चूक माझी, आणि मी ती पदरात घेतली. पण तुझ्या बायकोने आणलेला मासा मी जाणूनबुजून मारीन, असं वाटतं तुला?"

यावर 'नाही' म्हणायला हवे होते. राखेसाहेब विचार करत राहिले. त्यांना उत्तर द्यायला नेहमीच वेळ लागे, आणि तो वेळच समोरच्याला उत्तर वाटे.

अक्काने फडके पिळून दोरीवर टाकले. आतल्या खोलीत गेली. माळ्यावरून पेटी काढल्याचा आवाज आला.

"पुतणी कधीची बोलावतेय," ती आतूनच म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीने जाते. कायमचीच. मग घरात एकच माणूस राहील, तुला तपासायला सोपं."

५

संध्याकाळभर राखेसाहेब टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. पंप गुरगुरत होता. आतल्या खोलीत घड्या घातल्या जात होत्या. सगळे शांतपणे चालले होते, आणि म्हणूनच त्यांना चैन पडेना.

मांडीवर वाचनालयातून आणलेले, खाऱ्या टाक्यांवरचे जाडजूड पुस्तक होते. पुस्तकांशी त्यांचे बरे जमत असे. ते उघडून राखेसाहेब जुन्या सवयीने विचार करू लागले. राखेत बसल्यावर ते कधी 'कोणी केले' यापासून सुरुवात करत नसत. 'जे इथे असायला हवे ते काय नाही' यापासून करत.

वास नव्हता. वकील म्हणाले होते, आणि आता त्यांनीही नाक पुढे करून पाहिले. समुद्रावरच्या सकाळीसारखा जरासा ओला वास, बस्स. कोळंबी तर विरघळून कधीच गेली होती.

काचेवर आतून तपकिरी थर होता. रंग त्यांना सांगता आला नसता, पण बोट फिरवले की रेघ उमटत होती. पुस्तकात लिहिले होते की हा थर बहुधा पाणी पिकत आले की धरतो, घाबरू नये, आपोआप जातो.

आणि अक्काने फवारा मारला असता, तर तो थर कशाला शिल्लक राहिला असता? अक्काने एखादी काच अर्धी पुसलेली कोणी पाहिली होती?

म्हणजे अक्का खरे बोलत होती. वकील खरे बोलत होते. नाक आणि बोटही तेच सांगत होते. सगळ्यांच्या विरुद्ध साक्ष एकच होती, आणि ती नळीची होती.

नळीची? नळीला तोंड नव्हते.

राखेसाहेबांनी पान उलटले. 'नवी टाकी लवकर पिकवायची असेल तर जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा तिच्यात ठेवावा. जिवाणू त्यावरून आयते नव्या घरात येतात.' त्यांना बादली आठवली. तिच्यातले गढूळ पाणी आठवले. माशांच्या पोटातले ओळखणाऱ्या त्या माणसाला एवढे ठाऊक नसेल? रोज डोळ्यांसमोर स्पंज पिळला जात होता, आणि तुकडा एकदाही हातावर पडला नव्हता.

मग आणखी एक गोष्ट आठवली, अगदी क्षुल्लक. जो माणूस बाकीचे सगळे कोडे भरतो, त्याला 'होडी' अडते?

आणि विष पुन्हा चढायला लागले ते कधीपासून? टोपणाच्या दिवसापासून. त्या दिवशी दुकानदाराला कळले होते, की याला रंग दिसत नाहीत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. राखेसाहेबांना हसू आले नाही. कारण हे सगळे म्हणजे संशय होता, पुरावा नव्हता, आणि संशयावर विसंबून त्यांनी आज एकदा माती खाल्ली होती. ज्याला रंगच दिसत नाही त्याने रंगाची साक्ष खोटी कशी पाडायची?

ते बराच वेळ बसून होते. मग उठले. खोकल्याच्या औषधाची बाटली त्यांनी धुतली, पुसली, उलटी करून वाळत ठेवली.

अक्काच्या दाराशी जाऊन म्हणाले, "अक्का, सकाळची गाडी सोड. दुपारच्या गाडीने जा."

"का?"

"अजून मलाही नीट सांगता येत नाही."

अक्का पेटीचे झाकण दाबत होती. "तुला कधी सांगता आलंय?" ती म्हणाली. पण सकाळी तिने रिक्षा बोलावली नाही.

दुकानात जाताना राखेसाहेबांनी बाटली भरून घेतली नाही. त्या दिवशी ती रिकामीच नेली.

६

"आज लवकर?" दुकानदाराचा चेहरा उजळला. "बसा. चहा टाकतो आधी."

तो मागच्या खोलीत गेला. स्टोव्हचा आवाज सुरू झाला. राखेसाहेबांनी बाही वर सारली, मोठ्या टाकीचे झाकण उचलले आणि बाटली पाण्यात बुडवली. बुडबुडे फुटले. ते ऐकून जावई दगडाआडून निघाला, जवळ आला, आणि त्याने त्यांच्या बोटाला एक चावा घेतला. हातात खायला काही नाही हे कळताच तो परत गेला.

दुकानदार कप घेऊन आला तेव्हा बाटली नेहमीच्या जागी, गल्ल्याशेजारी उभी होती. हात राखेसाहेबांनी पँटला पुसला होता.

दुकानदाराने नळी भरली. थेंब टाकले, हलवली, ठेवली. मधल्या वेळात कोडे पुढे आले. आज अडलेला शब्द होता 'रात्रीचा दिवा, आकाशातला, दोन अक्षरे'. राखेसाहेबांनी 'चंद्र' लिहिले.

दुकानदाराने नळी उजेडात धरली. जीभ टाळ्याला लावून हळहळला. "हिरवंच, साहेब. कालच्यापेक्षा जास्तच म्हणायचं."

"नक्की?"

"म्हणजे काय? माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही?"

"मी आजवर तुमच्याच डोळ्यांनी बघत होतो," राखेसाहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यांत काय खोट आहे ते तुम्हाला माहीत आहे. टोपणाच्या दिवसापासून."

दुकानदाराने नळी हळूच खाली ठेवली.

"हे पाणी माझ्या टाकीतलं नाही. या टाकीतलं आहे, जावयाच्या. तुम्ही चहा टाकत होतात तेव्हा मी भरलं. हे विष असेल तर तो कधीच तरंगायला हवा होता." बोलायची सवय नसल्याने त्यांना दम लागला. "तो आत्ता मला चावला."

कोरड्या टाक्यांच्या काचांत दोघांची प्रतिबिंबे उभी होती. पंप चालू होते. जावई दगडाभोवती एक चक्कर मारून गेला.

"पिवळं आहे," दुकानदार शेवटी म्हणाला. "आणि तुमचं पण पिवळंच होतं. बरेच दिवस."

"का?" हा प्रश्न राखेसाहेबांनी आयुष्यात कोणाला केला नव्हता. अहवालात त्याला जागा नसे.

दुकानदाराने नळी उपडी केली, विसळली, पुन्हा विसळली. "पाणी पिकलं की माणसं मासा घेऊन जातात, साहेब. मासा जगला की दुकानदार कोणाला आठवतो? मेला तरच येतात, तेही भांडायला. तुम्ही रोज येत होता. बसत होता. म्हटलं, अजून दोन दिवस. मग म्हटलं, अजून दोन. स्पंजाचा तुकडा रोज हातात यायचा, रोज परत ठेवायचो."

"माझी बहीण आज घर सोडून चाललीय. चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिलं."

"मी कोणाचं नाव नव्हतं घेतलं."

"नाही. 'माणसं तुमची' एवढंच म्हणालात."

दुकानदार खुर्चीवर बसला. त्याचे वय एकाएकी दिसू लागले.

"जावयाला बांधून द्या," राखेसाहेब म्हणाले.

दुकानदाराने ते काम नीट केले. जाड पिशवी, दुहेरी गाठ, आत भरपूर हवा. औषधांच्या बाटल्या, नळ्या आणि रंगांचा तक्ताही त्याने कागदात गुंडाळून दिला. चहा तसाच राहिला. राखेसाहेब दाराबाहेर पडले तेव्हा मागून कोणी 'या परत' म्हणाले नाही.

७

अक्का पेटीशेजारी खुर्चीवर बसली होती, घरातच पाहुणी आल्यासारखी.

राखेसाहेबांनी पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत सोडली आणि कागद उलगडला. पुस्तकात दिले होते तसे थेंब मोजून टाकले. नळी हलवली. थांबले. मग ती अक्कापुढे धरली.

"ही पिवळी आहे की हिरवी?"

"तुला..." अक्का थांबली.

"मला..." राखेसाहेबही थांबले.

"माहीत आहे," अक्का म्हणाली. "लहानपणी लिंबं तोडायला पाठवलं की हिरवी-पिवळी सगळी एकाच टोपलीत घेऊन यायचास. आई म्हणायची, कोणी बोलू नका, त्याला लाज वाटेल. मग कोणी बोललं नाही."

राखेसाहेबांनी आयुष्यभर ज्याच्यावर झाकण ठेवले, ते सगळ्यांनी आपापल्या बाजूने झाकून धरले होते.

"मग आजवर विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं का नाहीस? त्या परक्या माणसाकडे रोज बाटली घेऊन जायचास. घरात माझे दोन डोळे होते की." तिने नळी खिडकीशी नेली. तक्ता शेजारी धरला. "पिवळी."

दुसऱ्या विषाची दुसरी नळीही तिने पाहिली, तीही स्वच्छ म्हणाली. राख चाळलेल्या मनाने तेवढ्यातही विचारलेच, ही चिडलेली आहे, हिने खोटे सांगितले तर? पडताळा घ्यायला दुसरे पाणी नव्हते, दुसरा जावईही नव्हता.

त्यांनी टाकीतले पाणी थोडे थोडे करून पिशवीत घातले, आणि बऱ्याच वेळाने पिशवी तिरकी केली. जावई बाहेर आला. एकदा वर, एकदा खाली, काचेजवळ. मग सगळ्यांत दूरच्या दगडाआड जाऊन तो पाठ फिरवून बसला.

"आला तसा रुसला," अक्का म्हणाली.

"चुकलं माझं, अक्का."

"चुकलंच."

ती उठली, पदर खोचला आणि पेटी उचलली. राखेसाहेबांनी पेटीला हात लावला, तो तिने बाजूला केला नाही. "पुतणीला शब्द दिलाय. थोडे दिवस राहून येते. मनातलं जायला माणसालाही वेळ लागतो, तुझ्या पाण्यासारखा." दारात ती वळली. "ती आतली काच तू पुसू नकोस. रेघा ठेवतोस."

कायमची जाते असे ती आता म्हणाली नव्हती. परत कधी येते हेही म्हणाली नव्हती. राखेसाहेबांनी ओट्याखाली वाकून पाहिले. फवारा तिथेच होता.

त्यानंतरचे दिवस लांबलचक गेले. जावई दोन वेळा खाई. राखेसाहेब पुस्तक वाचत, मिटत, पुन्हा तेच पान उघडत. जिन्यात वकील भेटले की छताकडे बोट दाखवत, तेवढाच संवाद. नळीत थेंब टाकावेत तर रंग कोणाला विचारायचा? वकिलांना विचारले असते तर त्यांनी फी सांगितली असती.

एका सकाळी त्यांनी खोकल्याच्या औषधाची बाटली टाकीत बुडवून भरली आणि निघाले.

दुकानदार वर्तमानपत्रासमोर बसला होता. राखेसाहेबांना पाहून तो अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

"आता कशाला, साहेब? नळ्या तर दिल्यात मी तुम्हाला."

"अक्का पुतणीकडे गेलीय." राखेसाहेबांनी बाटली गल्ल्याशेजारी ठेवली. "घरी रंग सांगायला कोणी नाही."

दुकानदाराने थेंब टाकले. या वेळी ते त्याने मोठ्याने मोजले. वेळ भरल्यावर नळी त्याने स्वतः पाहिली नाही, पुढे केली. "तुम्हीच बघा. मी नाही सांगत."

"मला दिसत नाही," राखेसाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर तोंडाने कधी उच्चारले नव्हते. वाटले होते त्यापेक्षा ते लहान निघाले. "पिवळं आणि हिरवं मला सारखंच दिसतं. तुम्ही सांगा."

दुकानदार नळी घेऊन दाराशी गेला, दिव्याखाली नाही, बाहेरच्या उजेडात. तक्ता धरून त्याने बराच वेळ पाहिले.

"पिवळं."

राखेसाहेबांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र आपल्याकडे ओढले. कोड्याचे पान वरच होते. त्यात एकही शब्द भरलेला नव्हता, सगळी घरे कोरी. तारीख पाहिली तर आजचीच.

त्यांनी खिशातून पेन काढले, पान दोघांच्या मध्ये सरकवले आणि खुर्ची पुढे घेतली.

"आडवा एक," ते म्हणाले. "वाचा."